रकाना

मोजणीच्या कागदावर सात रकाने होते.
ट्रक, बस, कार, ऑटो, दुचाकी,
मग सायकल,
आणि अगदी कडेला, फायलीत लावताना भोक पडेल त्या जागी,
पायी.

उमरेड रोड, वखार चौक, मे महिन्याचा दुसरा आठवडा.
सकाळी सहा ते दहा, मग चार ते आठ.
मधल्या वेळात रस्त्यावर कुणी नसतं, असं साहेबांनी ठरवलेलं.
असतात. डांबर चपलेला धरून बसतं
तरी असतात.

पहिल्याच सकाळी अडलो.
धनवंता हेडाऊ, कॅरियरवर सुताचं गाठोडं,
सायकल हातात धरून चालत आला.
ह्याला कुठे लिहू?
विचारलं तर म्हणाला,
"चौकाच्या अलीकडे उतरतो न बापा, पलीकडे जाऊन बसतो.
मधात सीटवर राहिलो तं घरी खबर कोन देईन?"

मी सायकलच्या रकान्यात एक काडी मारली,
पायीच्या रकान्यात एक.
संध्याकाळी बेरीज जुळेना.
चौकात माणसांपेक्षा काड्या जास्त.

भागरता कोहळे सांबाराचं पोतं घेऊन उभी असायची.
घड्याळ लावून पाहिलं, अकरा मिनिटं.
मग ट्रकला तळहात दाखवायची, बैलाला दाखवतात तसा,
आणि पळायची.
त्या वयात पळायची.

ऑफिसात नकाशा पसरला.
रस्ता वाढत नाही, दोन्ही बाजूंना दुकानं.
मग शिवण उसवली.
साडेतीन मीटरची लेन तीनची केली,
दुभाजकातली मेलेली बोगनवेल काढून तिथे उभं राहण्यापुरता ओटा,
चौकाचे कोपरे पुढे ओढले, म्हणजे वळताना गाडी दबकेल.
थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याच्या मापाचा करतात,
तसं काम. उरलेल्या कापडात सायकलींची पट्टी निघाली,
दोन मीटर, दोन्हीकडे.

हरकतींची सभा झाली. बेचाळीस माणसं आली.
एकोणचाळिसांनी विचारलं, पार्किंगचं काय?
पायी चालणारं कुणी आलं नाही.
सभागृह रस्त्याच्या पलीकडे होतं.

पट्टीच्या आड एकच गोष्ट येत होती.
कडुनिंबाखाली इस्राईलभाईचं पंक्चरचं दुकान:
एक पंप, एक पेटी,
बुडबुडा शोधायचं पाण्याचं घमेलं.
सायकलींच्या वाटेसाठी
सायकलवाल्यालाच उठवायचं?
मी रेघ वाकवली.
पूर्ण नकाशात तेवढंच एक वळण आहे.
साहेबांनी विचारलं, हे काऊन?
मी शेऱ्यात लिहिलं, झाड.
घमेलं लिहिलं नाही.

झालं एकदाचं. दीड वर्षं लागलं, त्यातले आठ महिने
खड्डाच होता, सगळ्यांनी मला शिव्या दिल्या,
घरच्यांनीसुद्धा.

आता रविवारी पट्टीवर तर्री-पोह्याचा ठेला लागतो.
बुलेटवाले पोट्टे आत घुसतात.
सहा खांब लावले होते, दोन वाकले,
एकावर कुणीतरी हेल्मेट विकायला टांगलंय.
हेडाऊ अजून चौकाच्या अलीकडे उतरतो.
"आता बसून जा न," मी म्हटलं.
"जाईन," म्हणाला, "पायाले अजून माईत नाई."

परवा संध्याकाळी, कामाशिवायच, उभा होतो.
भागरता आली. अर्धा रस्ता ओलांडला,
ओट्यावर चढली आणि थांबली.
पोतं खाली ठेवलं.
कनवटीची डबी काढली,
तंबाखू मळली, चुना लावला, परत मळली,
सावकाश, जशी आपल्या दारात बसली असावी,
आणि दोन्ही बाजूंनी उमरेड रोड
तिच्या लुगड्याचा काठ हलवत जात राहिला.

एक ट्रक अगदी जवळून गेला.
तिने मान वर केली नाही.
चिमूट ओठात ठेवली,
हात झटकले.

माझ्या खिशात पेन होतं.
कागद नव्हता.